अठ्ठ्याण्णव टक्के ड्रेनमध्ये जाऊ द्या: आयसीपीत नमुना पोचवण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रयोगशाळेत आयसीपी-ओईएस आहे, म्हणजे आर्गॉन वायूच्या तप्त प्लाझ्मात नमुना सोडून, त्यातल्या मूलद्रव्यांनी दिलेल्या प्रकाशावरून त्यांचं प्रमाण मोजणारं यंत्र. पाण्याचे नमुने, मातीचे ॲसिड डायजेस्ट (ॲसिडात विरघळवलेले नमुने) आणि मधूनमधून तीन टक्क्यांपर्यंत क्षार असलेले द्रव येतात. सकाळी कॅलिब्रेशन छान बसतं, पण दुपारपर्यंत क्यूसी स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं तपासणी-द्रावण) ८५ टक्क्यांवर घसरतं. आर्सेनिक आणि सेलेनियम हव्या त्या पातळीला दिसत नाहीत. नेब्युलायझरमधून, म्हणजे द्रवाचा फवारा करणाऱ्या उपकरणातून, गेलेल्या द्रवापैकी जेमतेम दोन टक्के प्लाझ्मात पोचतो हे वाचल्यापासून वाटतंय, की कंपनांनी फवारा करून जास्त नमुना पोचवणारा अल्ट्रासॉनिक नेब्युलायझर घेतला तर दोन्ही दुखणी एकदम जातील. घ्यावा का?

माझं उत्तर: नको. निदान या नमुन्यांसाठी तरी नको. ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत. घसरणीचं मूळ बहुतेक पंपाच्या नळीत आणि क्षारांत सापडेल. आर्सेनिक-सेलेनियमचा इलाज वेगळाच आहे, त्याला हायड्राइड जनरेशन (मूलद्रव्याचं हायड्रोजनशी संयुग करून ते वायूरूपात पाठवणं) म्हणतात. अल्ट्रासॉनिक घेतलात तर पहिलं दुखणं वाढेल आणि दुसरं अर्धवट बरं होईल. असं का म्हणते ते सांगायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

आधी त्या बदनाम दोन टक्क्यांबद्दल. प्लाझ्माचं तापमान ६,००० ते १०,००० केल्विन असतं हे ऐकून वाटतं, की त्यात काहीही ओतलं तरी भस्म होणार. पण थेंब त्या गरम भागातून जातो तो काही मिलिसेकंदांत. तेवढ्यात त्यातलं पाणी उडायचं, मागे उरलेल्या मिठाच्या कणाची वाफ व्हायची, रेणू तुटायचे, आणि मग कुठे अणू उत्तेजित व्हायचे. यातला महाग भाग कुठला, ते हिशोब केल्यावर कळतं. मिनिटाला एक मिलिलिटर पाण्याची नुसती वाफ करायला साधारण ४० वॉट पुरतात. पण ते सगळे रेणू हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या अणूंपर्यंत तोडायचे म्हटलं तर साधारण ८५० वॉट लागतात. जनरेटर देतो १,२०० ते १,५०० वॉट, आणि तेही सगळे प्लाझ्मात उतरत नाहीत. म्हणजे शंभर टक्के नमुना पोचवला, तर प्लाझ्मा तुमचं शिसं-कॅडमियम बघण्याऐवजी पाणी तोडत बसेल. खरं तर तेवढाही टिकणार नाही, विझून जाईल.

दुसरी गोष्ट थेंबाच्या आकाराची. २० मायक्रॉनच्या थेंबात ५ मायक्रॉनच्या थेंबापेक्षा ६४ पट द्रव असतो. तो प्लाझ्मातून जाताना पुरता सुकतही नाही, उलट आजूबाजूचा भाग थंड करतो आणि सिग्नलमध्ये उसळी-गचके देतो. म्हणून नेब्युलायझर आणि प्लाझ्मा यांच्यामधल्या स्प्रे चेंबरचं काम थेंब पोचवण्याचं नाहीच, ते अडवण्याचं आहे. साधारण १० मायक्रॉनहून मोठे थेंब भिंतीवर आपटून खाली ड्रेनमध्ये जातात, बारीक तेवढे पुढे. ड्रेनमध्ये जाणारे ९८ टक्के वाया जात नाहीत, ते चाळणीत वर राहिलेले खडे आहेत. आपल्याला प्लाझ्मात हवा असतो बारीक, शक्य तितका कोरडा आणि दिवसभर एकसारखा फवारा. यातला शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा, आणि तुमचं यंत्र नेमकं तिथेच कमी पडतंय.

आता नेब्युलायझर. हे काही प्लाझ्माबरोबर आलेलं प्रकरण नाही. ज्योतीत द्रवाचा फवारा सोडण्यासाठी गुई या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७९ मध्येच असं उपकरण वापरलं होतं. तत्त्व अजून तेच आहे. काचेचा कॉन्सेंट्रिक नेब्युलायझर हातात धरून उजेडात बघा. मधे केसासारखी नळी, तिचं भोक साधारण पाव मिलिमीटरचं. तिच्याभोवती वीस-तीस मायक्रॉनची फट, जिच्यातून मिनिटाला ०.६ ते १ लिटर आर्गॉन वेगाने बाहेर पडतो. त्याच्या ओढीने द्रव खेचला जातो आणि टोकाशी फाटून त्याचे थेंब होतात. स्वच्छ पाणी आणि सौम्य ॲसिड यांच्यासाठी यासारखं दुसरं काही नाही. अचूकता उत्तम, आरएसडी (पुन्हा-पुन्हा घेतलेल्या रीडिंगमधला टक्केवारी फरक) अर्ध्या-एक टक्क्यावर सहज राहतो.

पण हीच फट क्षारांपुढे हतबल होते. आर्गॉन सिलिंडरमधून येतो तो खडखडीत कोरडा. टोकाशी पोचलेलं खारट पाणी तो तिथल्या तिथे सुकवतो आणि मिठाचा पांढरा गेंद जमायला लागतो. पंचवीस-तीस नमुन्यांनंतर भिंगाखाली बघितलंत तर टोकाला दाढी आलेली दिसेल. यावर दोन उपाय आहेत. एक, आर्गॉन पाण्याच्या बाटलीतून किंवा पटलाच्या ह्युमिडिफायरमधून ओला करून आणायचा. स्वस्तातलं काम आहे आणि फरक इतका पडतो, की आधी का केलं नाही असं वाटतं. दोन, व्ही-ग्रूव्ह किंवा बॅबिंग्टन पद्धतीचा नेब्युलायझर लावायचा. यात द्रव बारीक भोकातून जात नाही. तो उघड्या पृष्ठभागावरून किंवा खाचेतून वाहतो आणि खालून एका छिद्रातून आलेला वायू त्याला उडवतो. कण असोत, चिखल असो, बिनतक्रार चालतो. किंमत मोजावी लागते ती फवाऱ्याच्या बारीकपणात. संवेदनशीलता थोडी कमी आणि आरएसडी जास्त. शिवाय तो स्वतःहून द्रव ओढत नाही, पंप लागतोच. मधला मार्ग म्हणून जास्त क्षारांसाठी बनवलेले रुंद नळीचे कॉन्सेंट्रिक मिळतात. तुमच्या तीन टक्क्यांना मी तोच ह्युमिडिफायरसकट लावला असता. तुमच्याकडे आयसीपी-एमएस, म्हणजे प्रकाशाऐवजी आयनांच्या वस्तुमानावरून मोजणारं यंत्र, असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. तिथे प्लाझ्मातले आयन आत घेणाऱ्या धातूच्या कोनच्या भोकावर क्षार बसतात, म्हणून विरघळलेले घन पदार्थ ०.२ टक्क्यांच्या आत ठेवायची जुनी शिस्त आहे. वायूने फवारा पातळ करायची सोय असलेल्या यंत्रांत ती मर्यादा बरीच वर सरकते.

नेब्युलायझर तुंबलाय की नाही हे ओळखायला अंदाज बांधत बसू नका, दाब बघा. आर्गॉनचा प्रवाह तोच ठेवून मागचा दाब नेहमीपेक्षा वाढला असेल तर वायूची फट तुंबली आहे. दाब नेहमीचा पण सिग्नल कमी, तर द्रवाची नळी. दाब नेहमीपेक्षा कमी, तर कुठेतरी गळती आहे किंवा टोक फुटलंय. नवा नेब्युलायझर लावला त्या दिवशीचा दाब वहीत लिहून ठेवलेला असेल तरच हे जमतं. साफ करायला उलट्या बाजूने पाणी किंवा ॲसिड दाबायचं. त्यात तार घालायची नाही आणि अल्ट्रासॉनिक बाथमध्येही ठेवायचा नाही. मी नवीन असताना एकदा तारेने ‘जरासं मोकळं’ केलं होतं. टोकाचा टवका उडाला, तो इतका बारीक की डोळ्यांना दिसेना. पुढचे चार दिवस आम्ही ऑप्टिक्सला दोष देत होतो.

आता पंप, म्हणजे रोलरने लवचीक नळी चेपत नमुना पुढे ढकलणारा. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ हा प्रकार प्रयोगशाळांमध्ये सगळ्यात जास्त इथेच होतो. सिग्नल हलतो म्हणून लोक टॉर्च (प्लाझ्मा पेटतो ती नळी) बदलतात, प्लाझ्माची आरएफ पॉवर बदलतात, सर्व्हिस इंजिनिअर बोलावतात. दोषी निघते ती काही दिवस रोलरखाली चेपून निबर झालेली पंपाची नळी.

या नळ्यांच्या टोकांना रंगीत थांबे असतात आणि त्यावरून आतला व्यास कळतो. काळा-काळा म्हणजे ०.७६ मिलिमीटर, नारिंगी-पिवळा ०.५१, नारिंगी-हिरवा ०.३८. बारीक नळी आणि पंपाचा वेग जास्त, असं जोडपं ठेवलं की रोलरचे धक्के जवळजवळ येतात आणि नेब्युलायझरला ते कमी जाणवतात. जाड नळी आणि मंद पंप म्हणजे सिग्नलमध्ये स्पष्ट लाटा. क्लॅम्प आवळण्याचीही रीत आहे. नळीत एक हवेचा बुडबुडा सोडा. क्लॅम्प इतका सैल करा, की बुडबुडा थांबेल. मग हळूहळू आवळा, तो न अडखळता सरकू लागला की आणखी अर्धा फेरा, बस. ‘घट्ट असलेलं बरं’ म्हणून करकचून आवळलेली नळी दोन दिवसांत मरते. नवीन नळी लावल्यावर अर्धा तास नुसती चालू ठेवा, सुरुवातीला ती ताणली जात असते आणि प्रवाह बदलत असतो.

तुमच्या घसरणीची परीक्षा दहा मिनिटांत होईल. कॉन्सेंट्रिक नेब्युलायझर असेल तर पंपाची नळी काढा, नेब्युलायझरची नळी थेट स्टँडर्डमध्ये बुडवा आणि त्याला स्वतःच्या ओढीने पिऊ द्या. मात्र ड्रेनचा पंप चालूच राहायला हवा. आता दहा रीडिंग घ्या. आरएसडी चार टक्क्यांवरून एकवर आला, तर गुन्हेगार पंपाच्या बाजूला आहे. तसाच राहिला तर नेब्युलायझर, चेंबर किंवा ड्रेन बघा.

ड्रेनकडे कुणीच बघत नाही. चेंबरमधला दाब ड्रेनच्या द्रवावर टेकलेला असतो. ड्रेनमध्ये द्रव थांबून-थांबून, गुटगुट करत गेला, की प्रत्येक गुटग्याबरोबर दाब हलतो आणि तो सिग्नलमध्ये जसाच्या तसा उमटतो. ड्रेनच्या नळीत द्रव आणि हवा यांचे लहान-लहान, सारखे तुकडे पळताना दिसले की समजायचं सगळं ठीक. ड्रेनची नळी नमुन्याच्या नळीपेक्षा जाड हवी, नाहीतर चेंबर भरतं. एका प्रयोगशाळेत रोज दुपारी प्लाझ्मा विझायचा. वीज तपासून झाली, आर्गॉन तपासून झाला. ड्रेनची नळी कॅनच्या तळापर्यंत घातलेली होती. दुपारपर्यंत कॅन भरायचं, नळीचं तोंड बुडायचं आणि उलटा दाब यायला लागायचा. नळी चार बोटं वर ओढली आणि दुखणं संपलं.

चेंबरचे दोन मुख्य प्रकार. दुहेरी मार्गाचा स्कॉट, जो १९७४ पासून रूढ आहे: फवारा आतल्या नळीतून जातो, वळतो आणि बाहेरच्या नळीतून परत येतो. आणि सायक्लॉनिक, ज्यात तो गोल फिरतो आणि मोठे थेंब भिंतीला जातात. सायक्लॉनिकमध्ये जास्त नमुना पुढे जातो आणि धुणंही लवकर होतं, स्कॉट जास्त गाळतो आणि शांत असतो. ओईएसला स्वच्छ पाण्यासाठी सायक्लॉनिक, क्षारांसाठी सायक्लॉनिकच पण मधे थेंब अडवणारी नळी असलेला, असं माझं मत. चेंबरच्या आतल्या भिंतीवर पाणी पसरून वाहायला हवं. थेंब-थेंब होऊन चिकटत असेल तर काच तेलकट झाली आहे, रात्रभर प्रयोगशाळेच्या डिटर्जंटमध्ये बुडवून ठेवा.

चेंबरच्या तापमानाबद्दल एक हिशोब सांगते, कारण तो तुमच्या ‘सकाळी छान, दुपारी घसरण’शी जोडलेला असू शकतो. आर्गॉन थेंबांबरोबर पाण्याची वाफही नेतो. २० अंशाला लिटरभर वायूत साधारण १७ मिलिग्रॅम वाफ मावते, ३० अंशाला ३०, आणि २ अंशाला साडेपाच. आता मिनिटाला एक मिलिलिटर द्रवाचे दोन टक्के म्हणजे थेंबांच्या रूपात २० मिलिग्रॅम. म्हणजे खोलीच्या तापमानाला थेंबांइतकंच पाणी वाफ होऊन जातंय, आणि खोली दहा अंशांनी तापली की हे ओझं जवळजवळ दुप्पट होतं. एमएसमध्ये चेंबर पेल्टियर या विजेवर चालणाऱ्या शीतकाने २ अंशाला ठेवतात ते याचसाठी, त्याने मोजणीत अडथळा आणणारे ऑक्साइडचे आयनही कमी होतात. ओईएसमध्ये इतकं थंड करायची गरज नसते, पण तापमान स्थिर हवं. तुमच्या खोलीचं एसी दुपारी बंद होत असेल तर ते आधी बघा.

इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे प्रत्येक नमुन्यात सारखंच घातलेलं एखादं मूलद्रव्य (बहुधा यिट्रियम), लावून घसरण झाकता येते, आणि बरेच जण तेच करतात. लावा, पण त्याच्या मूळ आकड्याकडे रोज बघा. यिट्रियम १०० वरून ७० वर आलं आणि दुरुस्त केलेले निकाल तरी ‘बरोबर’ दिसतायत, याचा अर्थ यंत्र आजारी आहे आणि औषधाने फक्त ताप उतरलाय. मातीच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. मातीत यिट्रियम मुळातच असतं, किलोमागे वीस-तीस मिलिग्रॅम सहज. अर्धा ग्रॅम माती ५० मिलिलिटरमध्ये नेली, की त्यातलं बाहेर आलेलं यिट्रियम ०.२ ते ०.३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). तुम्ही घातलेलं इंटर्नल स्टँडर्ड एकच पीपीएम असेल, तर मातीच्या सगळ्या नमुन्यांचे निकाल वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत कमी येऊ शकतात, आणि क्यूसी स्टँडर्ड मात्र निर्दोष दिसतं. स्कँडियमचंही तसंच, प्रमाण जरा कमी.

हायड्रोफ्लुओरिक ॲसिडने माती विरघळवत असाल तर काचेचं सगळं काढा. नेब्युलायझर आणि चेंबर पीएफए या ॲसिड सोसणाऱ्या प्लास्टिकचे, इंजेक्टर (नमुना प्लाझ्मात सोडणारी नळी) ॲल्युमिनाचा किंवा सफायरचा. उरलेलं फ्लुओराइड बोरिक ॲसिडने बांधलं तरी मी काच लावत नाही. काच झिजते हा भाग सोडाच, झिजताना ती सिलिकॉन आणि बोरॉन नमुन्यात टाकत राहते, आणि ब्लँक (नमुन्याविना द्रावणाचं रीडिंग) इतका हळू चढतो की आठवडाभर कुणाच्या लक्षातच येत नाही. तेलं आणि सेंद्रिय द्रावकांचं थोडक्यात: नळी द्रावकाला टिकणाऱ्या जातीची, इंजेक्टर बारीक, चेंबर उणे तापमानाला, आणि एमएसमध्ये काजळी जाळायला थोडा ऑक्सिजन व प्लॅटिनमचे कोन. तुमच्या यादीत ते नाही, म्हणून पुढे जाते.

मागच्या नमुन्याची आठवण धरून बसणारी मूलद्रव्यं मात्र तुम्हाला भेटतीलच. पारा नळीला आणि चेंबरला चिकटतो. नुसत्या नायट्रिकने तो निघत नाही, धुण्याच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आणि २०० पीपीबीच्या (पीपीबी म्हणजे पीपीएमचा हजारावा भाग) आसपास सोनं घाला, मग सुटतो. आयोडीन ॲसिडमध्ये उडून जातं आणि चेंबरभर पसरतं, ते अल्कलीतच मोजायचं. बोरॉन सगळ्यात चिवट. लिथियम बोरेटने फ्यूजन केलेले (त्याच्यासोबत वितळवून विरघळवलेले) नमुने ज्या चेंबरमधून गेले, त्याच चेंबरमध्ये दुसऱ्या दिवशी पाण्यातलं बोरॉन शोधू नका, दुसरा चेंबर ठेवा.

आता आर्सेनिक-सेलेनियम, म्हणजे तुमचं दुसरं दुखणं. इथे द्रवाचा फवारा करण्यापेक्षा मूलद्रव्यालाच वायू करून पाठवणं शहाणपणाचं. आम्लातल्या नमुन्यात सोडियम बोरोहायड्राइड मिसळलं, की आर्सेनिकचा आर्साइन आणि सेलेनियमचा हायड्रोजन सेलेनाइड होतो. हा वायू आर्गॉनबरोबर प्लाझ्मात जातो आणि द्रव, क्षार, माती सगळं मागे ड्रेनमध्ये राहतं. हीच रसायनक्रिया जेम्स मार्शने १८३६ मध्ये विषप्रयोग ओळखायला वापरली होती: जस्त, ॲसिड, आणि तापलेल्या काचेवर उमटणारा आर्सेनिकचा काळा आरसा. फवाऱ्यात दोन टक्के पोचतात, इथे जवळजवळ सगळं पोचतं, आणि तेही पाण्याशिवाय. ओईएसवर आर्सेनिक काही पीपीबीवरून पीपीबीच्या अंशापर्यंत उतरतं. अँटिमनी, बिस्मथ, टेल्युरियम, कथिल हीदेखील याच वाटेने जातात. पाऱ्याला स्टॅनस क्लोराइडची थंड वाफ पुरते.

पण हायड्राइड हे भाबडं काम नाही. आर्सेनिक पाण्यात आणि डायजेस्टमध्ये बहुधा पाच संयुजेचं असतं, आणि ते मंद व अपुरं वायूत जातं. म्हणून आधी पोटॅशियम आयोडाइड आणि ॲस्कॉर्बिक ॲसिडने त्याला तीन संयुजेवर आणायचं, निदान अर्धा तास द्यायचा. सेलेनियमला मात्र आयोडाइड चालत नाही, ते त्याला थेट मूलद्रव्यापर्यंत उतरवतं आणि सेलेनियम हायड्राइडला मुकतं. त्याला सहा मोलरच्या आसपास हायड्रोक्लोरिकमध्ये गरम करून सहा संयुजेवरून चारवर आणायचं. म्हणजे एका नमुन्याच्या दोन बाटल्या करायच्या, दोन तयाऱ्या. ‘एकाच तयारीत दोन्ही’ असं सांगणाऱ्याला रिकव्हरीचे (घातलेल्यापैकी किती परत मोजलं गेलं याचे) आकडे विचारा.

मातीत तांबं-निकेल जास्त असेल तर ते बोरोहायड्राइड खातात आणि तयार झालेला हायड्राइडही अडवतात, त्यामुळे दोन-तीन नमुन्यांत स्पाइक (माहीत प्रमाणाचं तेच मूलद्रव्य) घालून बघितल्याशिवाय निकाल सोडू नका. डायजेस्टमधलं नायट्रिक आधी उडवा, त्याच्या नायट्रस धुराने सेलेनियमचं रीडिंग पडतं. आणि सेंद्रिय स्वरूपातलं आर्सेनिक, उदाहरणार्थ माशांतलं आर्सेनोबिटाइन, साध्या डायजेशनला दाद देत नाही आणि हायड्राइडही देत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आर्साइन विषारी आहे, एक्झॉस्ट चालू असल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही. बोरोहायड्राइडचं उरलेलं द्रावण ॲसिडच्या वेस्टमध्ये एकदम ओतायचं नाही, हायड्रोजन सुटतो.

आता तुमचा अल्ट्रासॉनिक. तो वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. मेगाहर्ट्झच्या वारंवारतेने थरथरणाऱ्या चकतीवर द्रव पडतो, अतिशय बारीक धुकं होतं, ते तापलेल्या नळीतून नेऊन पाणी उडवतात आणि थंड नळीत ती वाफ काढून घेतात. नमुना दहा-वीस टक्के पोचतो, डिटेक्शन लिमिट (ओळखता येणारं किमान प्रमाण) साधारण दहापट सुधारते. पण त्याबरोबर क्षारही तितकेच जास्त पोचतात. तीन टक्के मीठ म्हणजे प्लाझ्मासाठी तीस टक्क्यांसारखं. सोडियम प्लाझ्माची प्रकृतीच बदलतो, इंजेक्टर तुंबतो, आणि चकतीवर मीठ सुकून धुकं तुटतं. शिवाय गरम-थंड करण्याच्या त्या वाटेवर पारा, बोरॉन, ऑस्मियम अशी उडणारी मूलद्रव्यं बेभरवशाची होतात. शुद्ध पाणी आणि ॲसिडं तपासायची असतील, नमुने एकसारखे असतील, तर जरूर घ्या. एमएसमध्ये पटलातून पाणी काढून घेणाऱ्या डिसॉल्व्हेशन पद्धती आहेत. त्यांनी ऑक्साइड इतके घटतात, की दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं मोजताना डोक्याला होणारा बराच ताप वाचतो. लोह-५६ वर पडणारी, जवळजवळ त्याच वस्तुमानाच्या आर्गॉन ऑक्साइडची सावलीही फिकी पडते. तिथेही नियम तोच, स्वच्छ नमुना.

नमुना थोडाच असेल किंवा क्षार फार असतील, तर सहा तोंडांच्या व्हॉल्व्हचा उपाय मला आवडतो. त्याच्या लूपमध्ये (ठरावीक मापाच्या नळीत) अर्धा मिलिलिटर नमुना भरायचा, तेवढाच फवाऱ्यात सोडायचा, आणि बाकी वेळ नेब्युलायझरमधून स्वच्छ ॲसिड जात राहायचं. नेब्युलायझरने दिवसाचा बराच वेळ मीठ न बघता काढला, की त्याचं आयुष्य वाढतं. तुमच्या कामाला अल्ट्रासॉनिकपेक्षा हा व्हॉल्व्ह कितीतरी उपयोगी पडेल.

लेझरबद्दल वेगळं विचारलेलं नाही, तरी पुढे तो मोह होणारच. घन पदार्थावर १९३, २१३ किंवा २६६ नॅनोमीटरचा लेझर मारायचा, दहा ते शंभर मायक्रॉनचा खड्डा पडतो, धूळ हेलियममध्ये उचलून प्लाझ्मात. १९८५ मध्ये ॲलन ग्रे यांनी आयसीपी-एमएससाठी हे करून दाखवलं. झिरकॉनच्या एका कणाचं वय युरेनियम-शिशावरून काढायचं, खनिजातल्या थरांचा नकाशा काढायचा, तर याला तोड नाही. पण मातीच्या पोत्याची सरासरी हवी असेल तर पन्नास मायक्रॉनचा खड्डा तुम्हाला एका दाण्याबद्दल सांगेल, पोत्याबद्दल नाही. कॅलिब्रेशनही कठीण: एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या ६१० आणि ६१२ क्रमांकांच्या काचा सगळे वापरतात, पण काच आणि तुमचा नमुना लेझरखाली सारखे वागतातच असं नाही. ग्राफाइटच्या भट्टीतून वाफ पाठवण्याची पद्धत आणि बारीक दळलेल्या पदार्थाचा लगदा फवारण्याची पद्धत या दोन्ही आहेत. लगद्यातले कण दोन-तीन मायक्रॉनच्या आत नसले तर ते चेंबरमध्येच राहतात आणि निकाल कमी येतो. दोन्हींची मी रोजच्या कामासाठी शिफारस करणार नाही.

एका ठिकाणी मात्र तो ‘दोन टक्के’चा आकडा खरोखर मोजावा लागतो: एमएसवर एकेक नॅनोकण मोजताना. किती कण प्लाझ्मात पोचले हे कळल्याशिवाय बाटलीत किती होते ते सांगताच येत नाही. त्यासाठी माहीत आकाराचे सोन्याचे कण, बहुधा ६० नॅनोमीटरचे, पाठवून पोच काढतात. नमुना किती गेला आणि ड्रेनमध्ये किती आला यांची वजाबाकी करून काढलेला आकडा फसवा असतो, कारण वाफ होऊन गेलेलं पाणी त्यात नमुना म्हणून मोजलं जातं.

तर तुमच्यासाठी क्रम असा. उद्या सकाळी पंपाच्या दोन्ही नळ्या बदला, बुडबुड्याने क्लॅम्प लावा, ड्रेनची नळी कॅनमध्ये कुठवर गेलीय ते बघा. नेब्युलायझरचा दाब लिहून ठेवा आणि खोलीचं तापमान दर तासाला. क्षारांचे नमुने एका बाजूला काढा, शक्य असेल तर पाचपट पातळ करा आणि पाण्याच्या नमुन्यांनंतर लावा. ह्युमिडिफायर मागवा. यिट्रियमऐवजी मातीत जवळजवळ नसणारं इंडियम वापरता येतं का ते बघा, त्याची रेषा तुमच्या यंत्रावर पुरेशी जोरकस येत असेल तर. मग तीन दिवस क्यूसीचे आकडे वेळेसमोर मांडा. घसरण तापमानाबरोबर चालतेय की क्षारांच्या नमुन्यांबरोबर, हे त्या कागदावर दिसेल. आर्सेनिक-सेलेनियमसाठी हायड्राइडचा किट घ्या, तो अल्ट्रासॉनिकपेक्षा साधा असतो आणि बहुतेक यंत्रांवर बसतो. आणि रात्री यंत्र बंद करताना पाच मिनिटं सौम्य ॲसिड, पाच मिनिटं पाणी सोडा, मग नळी हवेत ठेवून चेंबर रिकामा होऊ द्या, प्लाझ्मा विझवा आणि क्लॅम्प सैल करा.